ताई, एका दिवसात आठ बीच होतील का?

प्रश्न : नमस्कार ताई, तुमचं सदर मी नेहमी वाचते पण लिहायची ही पहिलीच वेळ. ह्या ऑगस्टमध्ये आमच्या लग्नाला २५ वर्षं होतायत आणि लेक-जावयाने मिळून आमची मॉरिशसची ट्रिप बुक केलीय, सहा रात्री, हॉटेल फ्लिक एन फ्लॅकला. गणपतीच्या आधी परत यायचंय. बाकीचे दिवस टूरवाल्यांनी ठरवलेत, एकच दिवस मोकळा आहे तो आम्हा दोघांचा. तर आमच्या ह्यांनी व्हिडिओ बघून बघून त्या एका दिवसाची यादी केलीय, ग्रां बे, त्रू ओ बिश, बेल मार, इल ओ सर्फ, ब्लू बे, ग्री ग्री, ल मॉर्न आणि संध्याकाळी परत फ्लिक एन फ्लॅक. आठ बीच! म्हणतात बेट एवढंसं तर आहे, गाडी घेऊ आणि उरकू. मला पोहता येत नाही. लहानपणी कोकणात शाळेच्या सहलीत एका लाटेने मला ओढून नेलं होतं, बाईंनी दंडाला धरून बाहेर काढलं, तेव्हापासून मी गुडघाभर पाण्याच्या पुढे गेलेली नाही. ह्यांना पाणी प्रचंड आवडतं आणि माझ्यामुळे त्यांचा दिवस वाया जाऊ नये असं वाटतं. काय करू? — एक वाचक, सांगली

उत्तर : आधी २५ वर्षांबद्दल मनापासून अभिनंदन, आणि लेक-जावयाचं कौतुक.

आता सरळच सांगते. बेट खरंच लहान आहे, उत्तर-दक्षिण जेमतेम ६५ किलोमीटर, त्यामुळे नकाशावर बोट फिरवलं की सगळं हाताशी वाटतं. पण तुमच्या मिस्टरांच्या यादीत उत्तर, पूर्व, दक्षिण, पश्चिम असे चारही किनारे आलेत आणि त्यातलं इल ओ सर्फ तर वेगळं बेट आहे, तिथे बोटीनेच जावं लागतं, म्हणजे त्या एकातच निम्मा दिवस गेला. आम्ही दोघं गेलो होतो तेव्हा आमच्या टूरवाल्याने असाच एक दिवस आखला होता, पाच किनारे, आणि त्या दिवसाचं मला आज काय आठवतं तर गाडीचा एसी आणि दर ठिकाणी "वीस मिनिटं हं" म्हणणारा ड्रायव्हर. पाण्यात पाय बुडवून बसलोय असं एकदाही झालं नाही. म्हणून तुम्हाला सांगते, एकच किनारा घ्या, नैऋत्येचा, ग्री ग्री ते ल मॉर्न, आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत तोच करा. यादीतले दोन त्यात येतात, फ्लिक एन फ्लॅक तर तुमच्या हॉटेलसमोरच आहे. इल ओ सर्फ बहुतेक टूरवाल्यांच्या पॅकेजमध्ये असतंच, तुमच्या बाकीच्या दिवसांत आहे का ते बघून घ्या.

आणि हाच किनारा का, तर तुमच्या भीतीमुळे. ते जरा नीट सांगते, कारण तुमचं पत्र वाचून मला तेच सगळ्यात महत्त्वाचं वाटलं.

मॉरिशसच्या भोवती जवळजवळ सगळीकडे प्रवाळाचा कठडा आहे, किनाऱ्यापासून काही अंतरावर. तुम्ही वाळूवर उभं राहून बघितलंत ना की लांबवर एक पांढरी रेघ दिसते, तो लाटा फुटल्याचा फेस. महासागराची सगळी ताकद तिथे खर्च होते आणि अलीकडे जे पाणी राहतं ते उथळ, शांत, तळाची पांढरी वाळू दिसणारं, म्हणून तो फिका निळा-हिरवा रंग. ह्याला तिथे लगून म्हणतात. आपल्या कोकणात असं काही नाही, तिथे अरबी समुद्राची लाट थेट तुमच्या पायाशी येते आणि परत जाताना पायाखालची वाळू घेऊन जाते, तुम्हाला लहानपणी ओढलं ते तेच. शिवाय आपल्याकडे मुंबईला मोठ्या भरतीला पाणी चार मीटरच्या वर चढतं, मॉरिशसला भरती-ओहोटीत जेमतेम अर्ध्या मीटरचा फरक. म्हणजे तुम्ही पाण्यात बसलात आणि तासाभरात पाणी गळ्यापर्यंत आलं असं तिथे होत नाही.

पण सगळीकडे असं नाही, हेही लक्षात ठेवा. कठड्यावरून लाटांनी आत टाकलेलं पाणी कुठूनतरी बाहेर जायलाच हवं, ते कठड्यातल्या फटींमधून जातं, आणि त्या फटींपाशी ओढ भयंकर असते. फट ओळखायची खूण म्हणजे पांढरी रेघ जिथे तुटते आणि पाणी एकदम गडद निळं दिसतं ती जागा. तुमच्या मिस्टरांना पोहायची आवड आहे ना, त्यांना हे आवर्जून वाचून दाखवा, कारण धोका तुमच्यापेक्षा त्यांना जास्त आहे. गुडघाभर पाण्यात बसणाऱ्याला लगून काही करत नाही, चांगलं पोहणारा माणूसच रंगाच्या मोहाने पुढे पुढे जातो.

दिवस कसा घालवायचा ते सांगते. सकाळी नाश्ता करून आधी सगळ्यात लांबचं टोक गाठायचं, म्हणजे ग्री ग्री, आणि मग किनाऱ्याकिनाऱ्याने घराकडे परत यायचं. असं केलं की संध्याकाळी तुम्ही हॉटेलच्या जवळ असता, अनोळखी वळणाच्या रस्त्यावर अंधारात फार वेळ गाडी चालवायला लागत नाही. ऑगस्ट म्हणजे तिथला हिवाळा आहे, सहाच्या सुमाराला सूर्य बुडतो आणि मग अंधार पटकन होतो, आपल्याकडच्या मे महिन्यासारखी रेंगाळणारी संध्याकाळ नाही. गाडी आपल्यासारखीच डाव्या बाजूने चालवतात त्यामुळे तो त्रास नाही, पण लायसन्सचं गाडी बुक करतानाच विचारून घ्या. नाहीतर दिवसभराची टॅक्सी ठरवा, मला तर तेच बरं वाटतं, मिस्टरांनाही खिडकीबाहेर बघता येईल.

फ्लिक एन फ्लॅकहून दक्षिणेला जाताना रस्ता बेटाच्या आतून जातो आणि दोन्ही बाजूला ऊस. तुम्ही सांगलीच्या, तुम्हाला ते बघून काय वाटेल ह्याची मी कल्पना करू शकते! ऑगस्टमध्ये तिथे तोडणी चालू असते, उसाने भरलेल्या गाड्या तुमच्या पुढे असतील. उसाच्या मधेच काळ्या दगडांचे मोठाले ढीग दिसतील, ते ज्वालामुखीचे दगड आहेत, शेत करताना माणसांनी हाताने वेचून रचलेले. कोणाच्या हातांनी हे पुढच्या पत्रात येतंच.

ग्री ग्रीला पोचलात की समुद्राचं दुसरं रूप बघा. सुयाक गावाजवळ हा भाग आहे, इथे कठडा तुटलाय आणि महासागर थेट काळ्या कड्यावर येऊन आपटतो. ऑगस्टमध्ये आग्नेयेकडून व्यापारी वारे जोरात असतात त्यामुळे आवाज इतका की शेजारच्याशी ओरडून बोलायला लागतं. पोहायचा प्रश्नच नाही, तशी धोक्याची पाटीही आहे. वर हिरवळीवर उभं राहून बघायचं आणि मग कड्याच्या कडेने थोडं चालत गेलं की रडणारा खडक लागतो, लाट आदळली की त्याच्या अंगावरून पाणी ओघळत राहतं म्हणून ते नाव. जॅकेट न्याच, उष्ण देश म्हणून लोक नेत नाहीत आणि मग कुडकुडतात. तुम्हाला तिथे भीती वाटेल, वाटू दे. पण मला असं वाटतं की तुम्ही सकाळी हे बघितलंत, कठडा नसला की पाणी कसं असतं हे डोळ्यांनी बघितलंत, की दुपारी लगूनमध्ये पाय टाकताना तुमचं तुम्हालाच कळेल की हे पाणी ते नव्हे.

रियाम्बेलला लांबच लांब मोकळा किनारा आहे, चाला, पाण्यात नको, प्रवाह असतो. पुढे बेल ओम्ब्र, तिथे गाडीतूनच बघितलंत तरी चालेल.

मग बे द्यु काप. इथे रस्ता अगदी पाण्याला चिकटून जातो आणि माकोंदेच्या वळणावर थांबायचंच, छोटासा खडक आहे, थोड्या पायऱ्या चढल्या की खाली तो वळणाचा रस्ता, कोळ्यांच्या होड्या आणि पुढे लगूनचे चार-पाच रंग दिसतात. दुपारी अकरा ते दोनच्या मधे इथे असा, ऊन डोक्यावर असलं की पाण्याचा रंग सगळ्यात उघडतो, सकाळी लवकर किंवा संध्याकाळी तेच पाणी राखाडी दिसतं आणि लोक म्हणतात फोटोत तर वेगळं होतं. ह्याच खाडीत डिसेंबर १८०३ मध्ये मॅथ्यू फ्लिंडर्स नावाचा इंग्रज दर्यावर्दी ऑस्ट्रेलियाला प्रदक्षिणा घालून परत जाताना मोडकं जहाज घेऊन मदत मागायला आला, बेट तेव्हा फ्रेंचांचं, त्यांनी त्याला हेर समजून अडकवून ठेवलं ते सहा वर्षांहून जास्त. त्याचं स्मारक तिथे आहे. इतक्या सुंदर जागी सहा वर्षं घराची वाट बघत बसलेला माणूस, मला ते वाचून फार वाईट वाटलं होतं.

शेवटचा आणि सगळ्यात जास्त वेळ ल मॉर्नला. निदान तीन तास. ५५६ मीटर उंच सरळसोट डोंगर आणि त्याच्या पायाशी पांढरी वाळू, मागे सुरूची झाडं. हो, आपल्या कोकणातल्या किनाऱ्यावर असतात तीच सुरूची झाडं, वाऱ्याने तोच आवाज करणारी. सावलीत चटई टाका. पब्लिक बीच आहे, कोणी उठवत नाही. तुम्ही पाण्यात जा, गुडघाभर, मग बसा, पाणी कमरेपर्यंत येईल, मिस्टरांचा हात धरा. एवढंच करा. बाकी काही करायची गरज नाही. एका टोकाला काईटसर्फिंगवाले, म्हणजे मोठ्या पतंगाच्या ओढीने पाण्यावर सरकणारे, असतात, ऑगस्टच्या वाऱ्यात तर खूपच, त्यांच्या दोऱ्यांपासून आणि त्या बाजूच्या पाण्यापासून दोघांनीही लांब राहायचं.

पायात रबरी वॉटर शूज हवेतच. तळाशी समुद्री साळू असतात आणि दगडासारखाच दिसणारा एक विषारी मासा असतो, स्टोनफिश, त्याचा काटा लागला तर सहन होईल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवायचा आणि तडक हॉस्पिटल गाठायचं. घाबरवायला नाही सांगत, शूज घातले की बहुतेक चिंता मिटते. सनस्क्रीनपेक्षा पूर्ण बाह्यांचा स्विमसूट घ्या, क्रीममधली काही रसायनं प्रवाळाला मारक असतात आणि ज्या कठड्याच्या जिवावर तुम्ही निर्धास्त पाण्यात बसणार त्याची एवढी काळजी आपण घ्यायलाच हवी.

त्या डोंगराबद्दलही माहीत असू द्या. गुलामगिरीच्या काळात मळ्यांतून पळालेले लोक ह्या डोंगराच्या गुहांमध्ये आणि माथ्यावर लपून राहायचे. तिथले लोक सांगतात की १ फेब्रुवारी १८३५ ला गुलामगिरी संपल्याची बातमी द्यायला शिपाई वर आले, आणि ते पकडायलाच आलेत असं समजून कित्येकांनी कड्यावरून उड्या टाकल्या. २००८ मध्ये युनेस्कोने हा डोंगर जागतिक वारशात घेतला. पायथ्याशी स्मारक आहे, तिथे दहा मिनिटं जा. व्हिडिओत जो "समुद्राखालचा धबधबा" दाखवतात तोही इथलाच, पण तो किनाऱ्यावरून दिसत नाही, फक्त हेलिकॉप्टर किंवा सी-प्लेनमधून दिसतो, आणि धबधबा नाहीच, उथळ पठाराच्या कडेवरून वाळू आणि गाळ खोल पाण्यात घसरतो त्यामुळे वरून तसा भास होतो. मिस्टर शोधत बसतील म्हणून आधीच सांगितलं.

सूर्यास्त तिथेच बघा, किनारा पश्चिमेला आहे. मग अर्ध्या-पाऊण तासात हॉटेल. आणि तुमच्यामुळे त्यांचा दिवस वाया जाईल हे मनातून काढून टाका. त्यांना पोहू दे, तुमच्या नजरेसमोर, आणि तुम्ही काठावर बसलात तरी दोघं एकाच ठिकाणी असाल, आठ ठिकाणी गाडीत चढ-उतार करण्यापेक्षा ते कितीतरी चांगलं. हे पत्र त्यांना दाखवा, यादी माझ्या नावावर रद्द करा.

प्रश्न : ताई, आमच्या घरात सांगतात की पणजोबांचे धाकटे भाऊ मुंबईहून बोटीने मॉरिशसला उसाच्या कामाला गेले ते परत आलेच नाहीत. मी आणि माझी बायको डिसेंबरात तिकडे फिरायला चाललोय. तिथे मराठी माणसं आहेत असं ऐकलंय, बीचवर फिरता फिरता काही शोध लागू शकेल का? — एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : दादा, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. आहेत, मराठी माणसं आहेत, आणि पिढ्यानपिढ्यांची आहेत. १८३४ पासून गुलामांच्या जागी हिंदुस्थानातून करारावर मजूर न्यायला सुरुवात झाली, सगळे मिळून साडेचार लाखांहून जास्त लोक गेले, त्यात मुंबई बंदरातून गेलेले रत्नागिरी, सातारा, कोल्हापूरकडचे होते. वरच्या ताईंना मी ज्या दगडांच्या ढिगांबद्दल सांगितलं त्यात ह्या लोकांची मेहनत आहे.

बीचवर शोध लागणार नाही, त्यासाठी एक सकाळ वेगळी काढा. मोका इथे महात्मा गांधी इन्स्टिट्यूट आहे, तिथे त्या मजुरांच्या नोंदवह्या जपून ठेवल्यात, नाव, बापाचं नाव, गाव, जिल्हा, जहाज, आणि १८६० च्या दशकापासून पुढच्या कित्येकांचे फोटोसुद्धा. जायच्या आधी त्यांना लिहा, पणजोबांच्या भावाचं नाव, वडिलांचं नाव, गावाचं जुनं नाव आणि अंदाजे साल जितकं जमेल तितकं द्या. नावं इंग्रज-फ्रेंच कारकुनांनी कानाला ऐकू आली तशी लिहिलीत त्यामुळे आडनावावर अडून राहू नका, तुमचं आडनाव तिथे असेलच असं नाही, आजोबाचं नाव पुढे आडनाव झालंय असंही बऱ्याच घरांत दिसतं. आणि पोर्ट लुईचा आप्रवासी घाट बघा, जिथे ही माणसं उतरली. सोळा पायऱ्या आहेत, त्या चढून ही माणसं आत आली. २००६ पासून तोही जागतिक वारसा आहे. बायकोला घेऊन जा, एकट्याने तिथे उभं राहणं जड जातं.

पश्चिमेला कास्काव्हेल भागात मराठी घरं आहेत, फ्लिक एन फ्लॅकच्या बीचपासून जवळच. मॉरिशसमधला गणपती १८९६ पासूनचा सांगतात, गणेश चतुर्थीला देशभर सरकारी सुट्टी असते, आणि बे द्यु कापच्या किनाऱ्यावर विसर्जन होतं, त्याच लगूनमध्ये. झाकडी म्हणून नाच करतात, तुम्ही रत्नागिरीचे, तुम्हाला ते आपलं जाखडी आहे हे सांगायला नको. शाळेत मुलं मराठी विषय घेतात पण घरी बहुतेक तिथली क्रिओल भाषा बोलतात, तेव्हा मराठी नीट आलं नाही म्हणून कोणाला कमी समजू नका. एवढ्या वर्षांनी आणि एवढ्या समुद्रापलीकडे त्यांनी जे ठेवलंय ते ठेवणं सोपं नव्हतं. डिसेंबरात उन्हाळा आणि वादळांचा मोसम सुरू झालेला असतो, मोठी वादळं बहुतेक जानेवारी ते मार्चमध्ये, तरी रोजचा हवामानाचा इशारा बघत जा.

प्रश्न : आम्ही दोघंही पक्के शाकाहारी. दिवसभर बीचवर असलो तर मॉरिशसला खायचं काय? हॉटेलातून डबा न्यावा का? — एक वाचक, नाशिक

उत्तर : डबा अजिबात नको! धल पुरी खा. बीचच्या पार्किंगपाशी गाड्या लागलेल्या असतात, पिवळी डाळ भरलेली मऊ पातळ पुरी, आपल्या पुरणपोळीची तिखटमिठाची बहीणच, आत मोठ्या पावट्यासारख्या दाण्यांची भाजी, टोमॅटोचं रुगाय म्हणजे मसालेदार रस्सा आणि चटणी, आणि कागदात गुंडाळून दोन दोनच्या जोडीने देतात. चटणी कमी सांगा, तिथली मिरची चांगलीच झणझणते. गातो पिमा म्हणजे डाळवडे, गरम असतील तरच घ्या. अननस मीठ-मिरची लावून मिळतो, आणि आलुडा म्हणजे सब्जा घातलेलं गार दूध, फालुद्याच्या जवळचं. आलुड्यात जेली असते ती आगरची की जिलेटिनची ते पक्क्या शाकाहारी माणसाने विचारून घ्यावं. धल पुरी सकाळी अकराच्या आत घ्या, चांगल्या गाडीवरचा माल दुपारपर्यंत संपतो.

प्रश्न : ताई, हनिमूनची आठवण म्हणून तिथल्या बीचवरचे शंख आणि प्रवाळाचे तुकडे आणले तर चालतात का, छोटेच आहेत. — एक वाचक, ठाणे

उत्तर : नाही चालत, छोटे असले तरी. कायद्याने बंदी आहे आणि एअरपोर्टवर बॅगेतून काढून घेतात, वर दंड. रिकामा दिसणारा शंखही बऱ्याचदा रिकामा नसतो, उचलून हातावर दोन मिनिटं गप्प धरून ठेवा, आतून छोटा खेकडा पाय बाहेर काढतो. त्याचा फोटो काढा आणि शंख होता तिथेच ठेवा.